जोर लावायचा नाही

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दुरुस्ती’ हा विषय कळवला, तेव्हा मी शिरोळ तालुक्यात जायचं ठरवलं. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. त्या टापूत ऑगस्ट २०१९मध्ये महापूर आला आणि जुलै २०२१मध्ये पुन्हा पाणी चढलं. माणसं हलवली, जनावरं हलवली. ट्रॅक्टर बहुतेकांचे होते तिथंच राहिले. ज्यांचे नवे होते त्यांचं विम्यात काहीतरी निभावलं. जुन्या ट्रॅक्टरला विमा असलाच तर थर्ड पार्टीचा, आणि त्यात पुराची भरपाई बसत नाही. म्हणून आजही या गावांत गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या आडोशाला पूर्वी चालणारे ट्रॅक्टर उभे दिसतात. का उभा आहे म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: इंजिन जाम आहे.

त्यातलाच एक एचएमटी २५११ या दिवाळीआधी सुरू करायचा एका घरानं ठरवलं होतं. थोरले अण्णा सत्तरीच्या पुढचे, पुतण्या तिशीतला. ट्रॅक्टर अण्णांच्या वडिलांनी भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतला होता. सातबाऱ्यावर त्याचा बोजा चढला आणि तो उतरवायला उसाची कितीतरी बिलं गेली. भंगारवाला दोनदा येऊन किलोवर भाव सांगून गेला होता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

घड्याळ करणाऱ्यांचा ट्रॅक्टर

हिंदुस्थान मशीन टूल्स म्हटलं की बहुतेकांना मनगटावरचं घड्याळ आठवतं. त्याच सरकारी कंपनीनं १९७१मध्ये हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला घेतले. तंत्र चेकोस्लोव्हाकियातल्या झेटरचं. पहिलं मॉडेल हेच २५११, पंचवीस हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं. केंद्र सरकारनं २०१६मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कारखाना थांबला तरी सुटे भाग थांबले नाहीत. लुधियाना आणि राजकोटच्या कारखान्यांतून लायनर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट अजून येतात. जयसिंगपूरच्या दुकानात नसलं तर कोल्हापुरात सापडतं, तिथं नसलं तर दुकानदार मागवून देतो.

या इंजिनाची एक गोष्ट गरिबाच्या फायद्याची आहे. त्याचे लायनर ओले आहेत. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते नळकांडं ब्लॉकमध्ये सुटं बसवलेलं असतं आणि त्याच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. खालच्या बाजूला रबरी रिंगा पाणी अडवतात. लायनर खराब झाला तर तो ओढून काढायचा आणि नवा हातानं दाबून बसवायचा. सुक्या लायनरच्या इंजिनाला हेच काम करायला प्रेस लागतो, पुष्कळदा अख्खा ब्लॉक वर्कशॉपला न्यावा लागतो. इथं ब्लॉक ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टर गोठ्याशेजारी, आणि काम तिथंच होऊ शकतं.

पण मुळात पंचवीस हॉर्सपॉवरच्या जुन्या यंत्रासाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर पुतण्यानं दिलं, आणि ते मला भावनेच्या कुठल्याही उत्तरापेक्षा वजनदार वाटलं. “भाड्याचा ट्रॅक्टर मिळतोय की. पण वाफसा झाल्यावर मिळत न्हाई. त्या चार दिवसांत सगळ्या गावाला एकदमच पाहिजे असतोय.” जमीन फार ओली नाही, फार सुकलेली नाही, अशी ती वेळ. ती चुकली की ढेकळं निघतात, पेरणी लांबते. दारात चालतं यंत्र असलं की वाफसा साधता येतो. शिवाय औषध फवारणीचा ब्लोअर, भांगलणीनंतरची हलकी मशागत, ट्रॉलीभर शेणखत, या कामांना पन्नास हॉर्सपॉवर लागत नाहीत. नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी किंमत लाखांतच राहते. त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरचा कर १८वरून ५ टक्क्यांवर आला. अण्णांच्या घरात चर्चा झाली ती या दुसऱ्या बातमीची.

आधी कळू दे, काय धरलंय

कामाला बोलावलेले मेस्त्री साठीच्या आसपासचे. उमेदवारी कोल्हापुरात ऑइल इंजिनांवर केलेली. आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी अण्णांना विचारलं, “शेवटचं कधी चाललं हुतं? आणि थांबलं कसं? चालता चालता का उभं राहून?”

हा प्रश्न सगळ्या खर्चाचा पाया आहे. रेडिएटरचं पाणी संपून तापलेलं इंजिन धरतं तेव्हा ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून लायनरला घासतो, त्याचा धातू लायनरवर माखतो. तिथं तेल ओतून काही सुटत नाही, किट बदलावंच लागतं. ऑइल नसताना चालवलेल्या इंजिनाचं बेरिंग धरतं, मग क्रँकपर्यंत काम जातं आणि तो सगळ्यांत महागडा प्रकार. तिसरा प्रकार उभं राहून गंजलेल्याचा. यात यंत्र चालता चालता झिजलेलं नसतं, चिकटलेलं असतं. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. रिंग आणि लायनर यांच्यात जागाच नसते, मग तो गंज पाचर मारल्यासारखा बसतो. अण्णांचा ट्रॅक्टर पुरात बुडाला होता, चालताना थांबला नव्हता. मेस्त्रींचा चेहरा तेवढ्यावरच खुलला.

तरीही सगळा दोष पिस्टनवर टाकायची त्यांची तयारी नव्हती. गिअर न्यूट्रलला आहे का, हे त्यांनी लिव्हर हलवून, मग मागचं चाक उचलून हातानं फिरवून पाहिलं. सेल्फ सोडवून बाजूला काढला, कारण त्याचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलं तरी इंजिन हलत नाही आणि माणूस उगाच हेड उघडून बसतो. पंख्याचा पट्टा काढला. पाण्याचा पंप खरंच धरलेला निघाला, पण तो एकटा इंजिन अडवू शकत नाही. टॅपेटचं झाकण उघडून प्रत्येक व्हॉल्व्हवर लाकडी दांड्यानं टिचकी मारली. चारांपैकी एक खाली गेला तो वर आलाच नाही. तसंच इंजिन फिरवलं असतं तर पिस्टन त्याच्यावर आदळला असता. डिझेल शिंपडून, हळूहळू ठोकून, वर ओढून तो मोकळा केला.

मग खालचा ड्रेन नट. आधी नुसतं पाणी आलं, बराच वेळ. त्यामागून जास्त दुधाच्या चहासारखं ऑइल. तळाशी नदीचा गाळ, बोटाला मऊ लागणारा. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकच्या टाकीतूनही तेच निघालं. पुरात बुडालेल्या यंत्राचं पाणी लगेच काढून आत तेल भरलं असतं तर बरंचसं वाचलं असतं, असं मेस्त्री म्हणाले. पण तेव्हा घरात गाळ होता, जनावरांना वैरण नव्हती. ट्रॅक्टरकडं बघायला कुणाला वेळ होता?

टोचन करून बिघडलेली इंजिनं

या टापूत २०१९चा पूर ओसरल्यावर दोन चुका सर्रास झाल्या, आणि दोन्ही मेस्त्रींनी पोटतिडकीनं सांगितल्या.

पहिली, चावी फिरवून पाहणं. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर येतो आणि पाणी दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. मग सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. बाहेरून काही दिसत नाही. इंजिन कदाचित पुढं सुरूही होतं, पण धूर आणि आवाज कायमचा राहतो. म्हणून पहिल्यांदा नोझल बाहेर काढायचे, त्या भोकांतून पाणी निघून जाऊ द्यायचं, मगच बाकीचं.

दुसरी, टोचन. शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर पुढं, साखळी, जाम ट्रॅक्टर टॉपच्या गिअरमध्ये, आणि क्लच सोडायचा. दोन टनांचं धूड ओढत असताना गंजलेल्या रिंगेवर किती जोर येतो याचा अंदाज कुणाच्याच हाताला लागत नाही. रिंग सुटली तर सुटली. नाहीतर पिस्टनचे खाचेजवळचे काठ तुटतात, लायनरला चीर जाते, रॉड वाकतो. मेस्त्रींच्या शेडमध्ये असा एक रॉड ठेवलेला आहे. सपाट फरशीवर आडवा ठेवला की खालून उजेड दिसतो. काही हजारांत झालं असतं ते काम पूर्ण इंजिनावर गेलं. “जोर लावायचा नाही,” ते म्हणाले. “जोर लावला की खर्च वाढतोय.”

मी पाहिलेल्या स्वस्त दुरुस्तीचं सगळं गमक या एका वाक्यात आहे असं माझं मत झालं. पैसे वाचतात ते हलका माल वापरून वाचत नाहीत. घाई न केल्यामुळं जे भाग तुटत नाहीत, त्यांचे वाचतात.

भिजत घालणं

नोझलच्या भोकांतून मेस्त्रींनी डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल निम्मं-निम्मं करून ओतलं. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता रेशनला रॉकेल मिळत नाही. काही जण ऑइलमध्ये अॅसिटोन मिसळतात. ते पातळ असल्यानं आत लवकर शिरतं, पण पेट घ्यायला वेळ लागत नाही आणि गोठ्याशेजारी कडबा रचलेला. मेस्त्रींनी ते टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टॉर्च लावून भोकांतून आत पाहिलं. मागच्या सिलिंडरमधलं तेल बरंच खाली गेलं होतं. पुढच्यात पातळी जिथल्या तिथं. मला आधी वाटलं, जिथं तेल टिकलं तो सिलिंडर चांगला. उलट आहे. जिथून तेल झिरपलं तिथं रिंगांच्या बाजूनं वाट आहे, म्हणजे पकड सैल आहे. जिथं टिकलं तिथं गंजानं फट बुजवली आहे. एक पैसा खर्च न होता गुन्हेगार सापडला.

मग गरम पाण्याची युक्ती. रेडिएटरमधून कोमट, मग गरम, मग आणखी गरम पाणी सोडायचं आणि खालची कॉक उघडी ठेवून फिरवत राहायचं. थंड बिडावर एकदम उकळतं पाणी ओतलं तर ब्लॉकला चीर जाऊ शकते. ॲल्युमिनियम बिडापेक्षा साधारण दुप्पट फुगतं. पिस्टन फुगतो, मग थंड होताना आकसतो, आणि त्या हालचालीत तेल थोडं थोडं आत ओढलं जातं. रोज संध्याकाळी हे चाललं होतं. घरातल्या बायकांनी पाण्याचा हंडा उचलून दिला आणि आक्कांनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, चुलीजवळ बसून मेस्त्रींना वेगळ्याच प्रश्नांनी भंडावलं: यात किती डिझेल जातंय, बिल किती होणार, आणि यंदा तरी उसाला पाणी पाजायला हा उपयोगी पडेल का.

पुढच्या पुलीवर आणि शेजारच्या बिडावर चॉकची एक रेघ मारलेली होती. पुलीच्या नटाला पाना, पान्याला हातभर पाइप, त्याहून लांब नाही. पुतण्यानं चार फुटी पाइप आणला होता तो मेस्त्रींनी परत ठेवायला लावला. “हाताला कळलं पाहिजे आत काय चाललंय. लांब पाइपानं काही कळत नाही, नुसतं तुटतंय.” पुढं थोडं, मागं थोडं. एका सकाळी रेघ सरकली, बोटाच्या पेराएवढी. पुतण्या ओरडला आणि आणखी दाबायला गेला. मेस्त्रींनी हात धरला, उलटं फिरवलं, पुन्हा तेल ओतायला सांगितलं. पेरभर पुढं, पेरभर मागं, असं बराच वेळ. पण दर वेळी पुढच्या बाजूला एकाच जागी ठण्ण थांबायचं. सारखं एकाच जागी थांबतंय म्हणजे वाटेत काही आहे. आता हेड उघडणं भाग होतं.

हेड उघडल्यावर

हेडचे नट मेस्त्रींनी कडेकडून मधल्याकडं, थोडे थोडे करून सैल केले. उघडल्यावर मागचा सिलिंडर स्वच्छ निघाला, नुसता लालसर डाग. पुढच्यात पिस्टन मधोमध थांबलेला आणि त्याच्या वर लायनरच्या भिंतीला गंजाचं जाड कडं. सायलेन्सरमधून आलेलं पाणी उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आत शिरून तिथं साचलं होतं, ही त्याची खूण. त्या कड्याला रिंग अडत होती. तसंच जबरदस्तीनं वर ओढलं असतं तर रिंग तुटून पिस्टनच्या खाचेचा काठ घेऊन गेली असती.

म्हणून आधी कडं काढलं. बारीक पॉलिश पेपर, डिझेल, आणि बोटं. पिस्टनच्या कडेनं चिंधी भरलेली, म्हणजे भुगा खाली उतरणार नाही. हे काम पुतण्यानं केलं, मेस्त्री शेजारी बसून नुसते पाहत राहिले. मग बाभळीचा ठोकळा सुताराकडून बरोबर मापाचा गोल करून आणला, पिस्टनवर बसवला, आणि त्यावर हातोडीचे ठोके. इथं एक गोष्ट कळली. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असताना ठोकून उपयोग नाही, कारण तेव्हा रॉड सरळ उभा असतो आणि ठोका थेट क्रँकच्या बेरिंगवर जातो. मधोमध असला की रॉड तिरका असतो, ठोका क्रँकला फिरवतो. पुतण्या पान्यावर, मेस्त्री ठोकळ्यावर. पिस्टन सरकला, आणि नंतर फारसा विरोध न करता खाली गेला.

खालून ऑइलचं चेंबर उतरवून रॉडच्या खालच्या टोकाचे, म्हणजे बिगेंडचे, नट सोडले आणि दोन्ही पिस्टन वरून ओढून काढले. पुढच्या पिस्टनची एक रिंग तुटलेली, दोन खाचेत बसलेल्या. तुटक्या रिंगेचाच तुकडा घेऊन मेस्त्रींनी खाचा कोरून साफ केल्या, कारण त्या खाचेच्या मापाचं दुसरं हत्यार कुठून आणणार? मग लायनरवर नख फिरवलं. मागच्यात नख कुठं अडलं नाही. पुढच्यात रिंगांच्या वाटेवर खड्डे होते, नख सारखं अडत होतं. खड्ड्यातून दाब निसटतो. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा साधारण १६-१७ पट दाबली की ती ५०० अंशांच्या पुढं तापते आणि डिझेल पेटतं. दाब निसटला की सकाळी नुसता पांढरा धूर. पुढचा लायनर बदलायचा ठरला, मागचा ठेवायचा.

एकच सिलिंडर बदलायचा तर एक अडचण असते. नव्या पिस्टनचं वजन जुन्याइतकं पाहिजे, नाहीतर इंजिन थरथरतं. गावातल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही पिस्टन पिनांसकट ठेवले. नवा काही ग्रॅमनं जड निघाला. आतल्या बाजूनं, जिथं ताकद कमी होणार नाही अशा जागी, कानशीनं थोडं थोडं घासून तो बरोबरीला आणला. दुकानदाराची गिऱ्हाइकं थांबून पाहत होती.

उद्यमनगर

खाली उतरवलेल्या क्रँकचं माप आणि मागच्या लायनरचं होनिंग यासाठी सामान कोल्हापूरला गेलं, शिवाजी उद्यमनगरात. या भागात इंजिन कळणारी माणसं पिढ्यान्पिढ्या तयार झाली आहेत. इकडं कृष्णाकाठी १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पाणी उपसायला, गुऱ्हाळाचे चरक फिरवायला ऑइल इंजिनं लागली आणि ती बनवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिरांत म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं आजही आदरानं घेतात. त्या परंपरेचं आजचं रूप म्हणजे उद्यमनगरातलं लहानसं शेड. मायक्रोमीटर घेतलेला माणूस क्रँक तीन-तीन ठिकाणी मापतो आणि “हाय तसा चालतोय” म्हणतो. ग्राइंडिंगचा खर्च तिथंच वाचला. होनिंगनं लायनरवर तिरक्या रेषांची बारीक जाळी उठते. तेल धरून ठेवायला ती लागते, गुळगुळीत लायनरवर नव्या रिंगा बसत नाहीत. नवी रिंग लायनरमध्ये एकटी सरकवून तिच्या टोकांतली फट फिलर गेजनं पाहिली. साधारण १०० मिलिमीटर व्यासाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट लागते. कमी असली तर तापल्यावर टोकं भिडून पुन्हा जाम.

डिझेल पंप मात्र मेस्त्रींनी उघडला नाही. आतले प्लंजर मायक्रॉनच्या मापानं बसवलेले असतात, त्यात गाळाचा कण गेला तरी संपलं. तो पंपवाल्याकडं गेला, नोझलही त्याच्याच यंत्रावर फवारा पाहून आले.

हात कुठं आखडायचा

अण्णांनी हिशेबाची वही काढली तेव्हा मेस्त्रींनी दोन रकाने सांगितले. जुना मागचा पिस्टन, जुना क्रँक, जुने व्हॉल्व्ह (घासून बसवलेले), जुना वॉटर पंप (नवं बेरिंग आणि सील घालून), हे सगळं ठेवायचं. हेड गॅस्केट नवं. लायनरच्या रबरी रिंगा नव्या. बिगेंडची बेरिंगं नवी, कारण गाळाचे कण त्यांच्या मऊ थरात रुतलेले होते. रॉडचे बोल्ट नवे. ऑइल, फिल्टर नवे. पुतण्यानं रॉडचे बोल्ट जुनेच चालतील का विचारलं. मेस्त्री पहिल्यांदाच चिडले. चालू इंजिनात तो बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि मग खरंच भंगारवाल्याला बोलवावं लागतं.

लायनर बसवताना रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावलं. बसल्यावर लायनरचं तोंड ब्लॉकपेक्षा केसभर वर राहिलं पाहिजे, तरच गॅस्केट त्याला दाबून धरतं. ते पट्टी आणि फिलर गेज लावून पाहिलं. हेडचे नट या वेळी मधून कडेकडं, टॉर्क पान्यानं.

सुरू करताना

पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला, ऑइलच्या मीटरचा काटा उठेपर्यंत. मग डिझेल सोडून एअर काढली. हवेच्या तोंडाजवळ पुतण्याला लाकडी पाट घेऊन उभं केलं होतं. आत राहिलेल्या तेलावर इंजिन स्वतःहूनच सुसाट पळायला लागलं आणि डिझेल बंद करूनही थांबेना, तर हवाच बंद करायची. तशी वेळ आली नाही. तिसऱ्या प्रयत्नात एक सिलिंडर बोलला, मग दुसरा. निळा-पांढरा धूर गोठाभर पसरला आणि म्हशी दावणीला ओढायला लागल्या. आक्का बाहेर आल्या, धुरातच उभ्या राहिल्या.

इंजिन तापल्यावर बंद करून, थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामाला लावायचं ठरलं. नव्या रिंगा रिकाम्या चालवून बसत नाहीत, भारावर बसतात. म्हणून मेस्त्रींनी आधी शेणखताच्या निम्म्या ट्रॉल्या सांगितल्या, रोटावेटर नंतर. वीस-पंचवीस तासांनी ऑइल बदलायचं, कारण कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात गाळ राहिलेलाच असतो.

हायड्रॉलिकचे हात मात्र अजून अर्ध्यावरच उचलतात. ती टाकी दोनदा धुऊनही तेल गढूळ येतं. ते काम दिवाळीनंतर, असं ठरलं आहे. त्याआधी मेस्त्रींना कुरुंदवाडकडं जायचं आहे. तिथं २०२१च्या पुरापासून एक मॅसी ट्रॅक्टर उभा आहे आणि मालकानं अजून तरी टोचन केलेलं नाही.